पथकाची नावनोंदणी: आधी माणसं, मग सामान

सचिव: सभेत ठरल्याप्रमाणे सोसायटीचं स्वतःचं अग्निशमन पथक उभं करायचं आहे. कोण कोण येणार ते इथे लिहा. सामानाची यादीही कोणीतरी करा.

बी-३०४: सामानाची घाई नको, आधी माणसांचा हिशोब लावू. आग लागल्या क्षणी पाच जण हजर लागतात. एक विंगचा मेन स्विच बंद करायला, एक पंपावर, दोन नळीवर आणि एक फाटकाशी, बंबाला वाट करून द्यायला. कामाच्या दिवशी भर दुपारीही हे पाच हमखास मिळायचे तर यादीत पंधरा नावं हवीत, आणि त्यात दिवसा घरी असणारे जास्त हवेत.

सी-१०२: काका, सहावा माणूस राहिला. खाली जमलेल्यांची मोजणी करणारा. त्याच्याकडे मजल्यावार यादी हवी, जिना उतरता न येणाऱ्यांच्या नावापुढे खूण केलेली. बंबावरचे जवान उतरताच विचारतात, "आत कोणी आहे का?" त्याचं उत्तर एकाच माणसाने द्यायचं.

ए-६०१: मेन स्विचवाल्याला नीट दाखवून ठेवा: फक्त त्या विंगचा पुरवठा तोडायचा, फायर पंपाचा नाही. घाईत कोणी सगळ्या सोसायटीचा स्विच खाली ओढला तर नळीवाल्यांच्या हातातलं पाणीच जाईल. पंपाच्या स्विचला लाल रंग द्या आणि वर ठळक लिहा, "हा बंद करू नका".

डी-२०३: नळीला दोन जण कशाला? एकाने धरली तर नाही चालणार?

बी-३०४: हायड्रंटची, म्हणजे आगीच्या पाइपवरच्या मोठ्या तोटीला जोडायची, ६३ मिमीची नळी एकट्याने धरायची नाहीच. २० मिमीच्या नॉझलमधून (नळीच्या टोकाच्या तोंडातून) ५ बार दाबाने पाणी सुटलं की साधारण ३० किलोचा धक्का मागे बसतो. हात सुटला तर पितळी नॉझल चाबकासारखं फिरतं. शिवाय १५ मीटर नळीत ४७ लिटर पाणी मावतं, म्हणजे भरलेली नळी जिन्यावरून ओढणं अशक्यच. म्हणून आधी नळी पूर्ण पसरायची, पीळ काढायचे, कपलिंग (नळी जोडायचा सांधा) "खट्" बसलं का ऐकायचं, आणि नॉझलवाल्याने "पाणी" म्हणून हाक दिली की मगच व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. बंद करतानाही हळूच.

ए-६०१: एवढ्या दाबाला ते नॉझल मिनिटाला जवळपास ६०० लिटर ओढतं. १०,००० लिटरची टाकी १७ मिनिटांत संपली समजा. रीलच्या, म्हणजे चाकावर गुंडाळलेल्या, बारीक नळीला ५ मिमीचं नॉझल असेल तर मिनिटाला ३५-४० लिटरच लागतात आणि ती एकट्याला पेलते. पहिल्या पाच मिनिटांसाठी माझा कौल रीललाच.

डी-२०३: आणि सराव करताना पाणीच आलं नाही तर?

ए-६०१: बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं. पंपाचा स्विच "ऑटो"ऐवजी "ऑफ"वर राहिलेला असतो. टाकी पंपाच्या खाली असेल तर फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) गळून त्या पाइपमधलं पाणी उतरतं. पंप घरघरतो, पण दाबाचा काटा हलत नाही. तिसरं कारण म्हणजे कपलिंगमधला रबरी वॉशर. आत बोट फिरवून बघा. चांगला वॉशर मऊ लागतो. वाळलेला कडक होतो, नखाने दाबला की भेग दिसते. तिथूनच फवारा उडतो आणि पुढचा दाब पडतो. पेटीत चार वॉशर जादा ठेवा.

सी-१०२: लाल सिलिंडरबद्दल. ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर १५-२० सेकंदांत रिकामा होतो, त्यामुळे लांबून हवेत उडवू नका. दोन-तीन मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी रोख धरा, पाठ दाराकडे ठेवून. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला दाबाचा काटा नसतो. तो वजन करूनच तपासायचा. पेटलेल्या तेलावर पाणी कधीच नाही. खाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आकारमान सुमारे १७०० पट वाढतं आणि जळतं तेल अंगावर येतं.

बी-३०४: एक नियम पहिल्याच दिवशी लिहून सही घ्या: खोली धुराने भरली असेल तर पथक आत जाणार नाही. श्वसनयंत्राशिवाय त्या धुरात काही श्वासांतच माणूस कोसळू शकतो. दार ओढून घ्यायचं, माणसं खाली काढायची, बंबाची वाट बघायची. आणि अग्निशमन दलाला फोन सगळ्यात आधी, "आपल्याने विझली नाही तर" असं म्हणत थांबायचं नाही.

सचिव: लोक नावं देतात आणि सरावाला येत नाहीत, त्याचं काय?

सी-१०२: दंड ठेवा. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि मंडळींनी १७३६ साली युनियन फायर कंपनी काढली, तेव्हाही बैठकीला न येणाऱ्याला दंड होता आणि त्या पैशांतून सामान घेतलं जाई. सभासदही ३० च्या आसपासच ठेवले होते. जास्त लोक आले तर त्यांनी दुसरं पथक काढायचं. हे मला पटतं. फार मोठ्या पथकात कोणालाच आपली जागा ठाऊक नसते.

सचिव: ठीक. रविवारी सकाळी पहिला सराव, रीलपासून सुरुवात.

ए-६०१: सराव झाल्यावर नळ्या उंचावर टांगून पूर्ण वाळवा आणि घडी आधीच्या जागी घालू नका, त्याच रेषेवर चिरतात. निघण्याआधी पंप "ऑटो"वर आहे ना, ते दोघांनी वेगवेगळं बघा.