काटा स्थिर असेल तर व्हॉल्व्हवर संशय नको
पुण्यातील आपल्या कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) व्हॅक्यूम गेजचा, म्हणजे इंजिनची हवा ओढण्याची ताकद पाऱ्याच्या इंचांत दाखवणाऱ्या मापकाचा, काटा १४ इंचांवर स्थिर राहतो, म्हणून व्हॉल्व्ह जळाला असावा, हा आपला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. जळालेल्या व्हॉल्व्हमुळे काटा ठरावीक लयीत खाली झटके देतो. स्थिर पण कमी वाचन बहुधा मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधील हवागळती किंवा उशिरा पडणारी ठिणगी दर्शवते. समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच अपेक्षित असतात आणि दर १,००० फुटांमागे साधारण १ इंच वजा करावा लागतो, त्यामुळे उंचावरच्या पुण्यात १५-१६ चालून जातील, १४ मात्र कमीच. ठिणगी उशिरा पडते का हे पाहण्यासाठी इंजिन बंद ठेवून हाताने चालवायचा, गेज असलेला व्हॅक्यूम पंप डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सला (ओढीच्या जोरावर ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाला) जोडावा व १५ इंच ओढावेत. पंपाचा काटा उतरू लागला, तर त्या भागातील डायफ्राम (लवचीक पडदा) गळतो आहे. (पंपाची नळी आधी तपासावी; तिच्याच चिरेपायी माझी अर्धी दुपार गेली होती.)