मदत हवी आहे: युरोपातल्या तऱ्हेवाईक जागा (सोबत आईचे गुडघे आणि शाकाहार)

जास्वंदी

नमस्कार मंडळी,

सहा वर्षांपूर्वी एका यात्रा कंपनीबरोबर आम्ही 'बारा दिवसांत सात देश' उरकले. आयफेल टॉवर पाहिला, पिसाच्या मनोऱ्याला टेकू दिल्याचे फोटो काढले, रोज रात्री कुठल्या ना कुठल्या देशात पनीर खाल्लं. घरी आल्यावर लेकाला विचारलं, सगळ्यात काय आवडलं? म्हणाला, "हॉटेलातलं ते बूट पुसायचं मशीन." तेव्हापासून डोक्यात आहे की पुढच्या वेळी असल्याच गोष्टी बघायला जायचं. ज्या पाहून 'हे कुणाला आणि का सुचलं असेल?' असं वाटेल त्या.

येत्या सप्टेंबरात सोळा दिवस हाताशी आहेत. आम्ही चौघं: मी, नवरा, अकरा वर्षांचा लेक आणि माझी आई. आई एकाहत्तरची, एरवी ठणठणीत, पण गुडघे कुरकुरतात. सपाटीवर दोन-तीन किलोमीटर आरामात चालते, जिना दिसला की तोंड वाकडं. मी आणि आई शाकाहारी. नवऱ्याला बिअर हवी, लेकाला आगगाड्या.

प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट एवढं ठरल्यासारखं आहे, कारण तिन्ही रेल्वेनं नीट जोडलेली आहेत. तिथं किंवा आसपास काय बघू, कुठं राहू, काय खाऊ? व्हिडिओ बघून झालेत. त्यात सगळे तोच तो ट्रडेलनिक (नळकांड्यासारखी गोड पावाची गुंडाळी) हातात धरून उभे असतात. स्वतः जाऊन आलेल्यांनी सांगितलंत तर बरं.

उंडगा

लेकाचं काम आधी करून टाकतो. बुडापेस्टच्या डोंगरावर एक छोटी रेल्वे आहे, ती मुलं चालवतात. दहा ते चौदा वयाची. तिकीट विकणारी, तपासणारी, सिग्नल देणारी, सगळी मुलंच. इंजिनावर मात्र मोठी माणसं असतात, काळजी नसावी. १९४८ मध्ये कम्युनिस्ट राजवटीत सुरू झालेला प्रकार. राजवट गेली, गाडी राहिली. साधारण ११ किलोमीटरचा मार्ग, सगळा जंगलातून. शाळेत मार्क बरे असतील तरच मुलांना घेतात म्हणे, हे लेकाला जरूर सांगा.

आम्ही गेलो तेव्हा एका स्टेशनावर लाल टोपी घातलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी फलाटावर ताठ उभी होती. गाडी हलली तसा तिनं सॅल्यूट ठोकला आणि शेवटचा डबा जाईपर्यंत हात खाली घेतला नाही. नाकावर माशी बसली होती, तरी नाही. आमच्या डब्यातले सगळे काका लोक नकळत सरळ बसले.

वर जायला दातेरी चाकांची रेल्वे आहे, ६० नंबरची. म्हणजे एकात दोन गाड्या. सप्टेंबरपासून सोमवारी मुलांची रेल्वे बंद असते, तेवढं बघून जा.

आईंसाठी सेचेनी स्नानगृह. १९१३ सालचं, गरम झऱ्यांचं पाणी, गुडघ्यांना औषधच. छातीभर पाण्यात उभे राहून आजोबा लोक बुद्धिबळ खेळत असतात, डोक्यावर वाफ. डाव सुटत नाही आणि पाण्यातून कुणी बाहेरही येत नाही.

मधुघट

उंडगा यांना +१. बुडापेस्टात रुइन बार बघितलेच पाहिजेत. सातव्या वॉर्डात, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत, पडायला आलेल्या इमारतींमध्ये हे बार निघाले. सिम्प्ला केर्त हा त्यातला आद्य, २००२ पासूनचा. कापलेल्या ट्रॅबंट गाडीत बसायचं, न्हाणीघरातल्या टबाचा कोच केलेला, छताला काय वाट्टेल ते टांगलेलं. आपल्याकडच्या जुन्या बाजारात कुणीतरी दिवे लावून टेबलं मांडली तर कसं दिसेल, तसं. रात्री आईंना आणि मुलाला नेऊ नका, कान बधिर होतात. रविवारी सकाळी तिथंच शेतकऱ्यांचा बाजार भरतो, मध, चीज, लोणची. सगळं घर घेऊन तेव्हा जा. यजमानांना रात्री एकटं सोडा.

राईनकाठचा

ताई, मार्गावर नाही हे मान्य, पण लेकाला गाड्या आवडतात म्हणून राहवत नाही. जर्मनीतल्या वुपरटालची टांगती रेल्वे! १९०१ पासून चालू, १३ किलोमीटर, बराचसा मार्ग नदीच्या बरोबर वरून. डबे रुळाला खाली लटकतात आणि वळणावर झोक्यासारखे हलतात. १९५० मध्ये एका सर्कशीनं जाहिरातीसाठी टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू या गाडीत चढवलं. ते बिथरलं आणि भिंत फोडून खाली नदीत पडलं. आणि वाचलं! थोडं खरचटलं तेवढंच. त्या गावात अजून टुफीचा मान आहे.

मी तासभर अंतरावर राहतो, कुणीही पाहुणे आले की आधी तिथंच नेतो. बायको म्हणते, कोलोनचं कॅथेड्रल दाखवायचं सोडून हे काय.

फोडणीचा_भात

खाण्याचं मी सांगते. मीही शाकाहारी, तिन्ही शहरांत मिळून दहा दिवस काढलेत, एकदाही उपाशी झोपले नाही.

प्रागमध्ये 'स्मझेनी सिर' मागा. चीजचा जाड तुकडा ब्रेडचा चुरा लावून तळलेला, सोबत बटाटे. जड असतो, दोघींत एक पुरे. एका ठिकाणी टेबलावर न मागता ठेवलेला पाव आम्ही खाल्ला आणि तो बिलात आला. 'फुकट आहे का' हे पाव मोडायच्या आधी विचारायचं, हा धडा.

बुडापेस्टात लांगोश. आपला भटुरा, पण ताटाएवढा, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. कशात तळतात ते विचारा, काही जण अजून चरबी वापरतात.

व्हिएन्नात हॉइरिगर सोडू नका. शहराच्या हद्दीतच द्राक्षमळे आहेत आणि मळेवाले आपल्याच अंगणात आपली वाइन विकतात. सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८४ मध्ये ही परवानगी दिली, ती चालूच आहे. दारावर पाइनची डहाळी टांगलेली दिसली की समजायचं उघडं आहे. ३८ नंबरच्या ट्रामनं ग्रिन्झिंगला जा. ताजा पाव, पेपरिका घातलेलं लिप्टाउअर नावाचं चक्क्यासारखं चीज, बटाट्याचं सॅलड. सप्टेंबरात श्टुर्म मिळतो, अर्धवट आंबलेला द्राक्षाचा रस, गढूळ आणि गोडसर. सरबत समजून पिऊ नये. माझ्या सासूबाई प्यायल्या. ट्राममध्ये अभंग म्हणत होत्या.

जास्वंदी

बापरे, केवढं छान! आईला सासूबाईंचा किस्सा वाचून दाखवला, ती म्हणते मी ट्राममध्ये गाणार नाही, पण चव बघेन.

राहण्याचं कुणी काही सांगेल का? आणि प्रागजवळच्या त्या हाडांच्या चर्चबद्दल? लेक हटून बसलाय.

उंडगा

कुत्ना होराचं सेडलेत. प्रागहून गाडीनं तासभर आणि स्टेशनापासून चालत जाण्याजोगं. खाली तळघरात किमान चाळीस हजार माणसांची हाडं. १८७० मध्ये फ्रांतिशेक रिन्ट नावाच्या लाकूड कोरणाऱ्याला ती नीट लावायला सांगितली, तर त्यानं झुंबरच केलं. माणसाच्या शरीरातलं प्रत्येक हाड त्या झुंबरात एकदा तरी आहे असं म्हणतात. मालक घराण्याचं बोधचिन्हसुद्धा हाडांचं. आणि भिंतीवर स्वतःची सही, तीही हाडांचीच. तो माणूस घरी जेवताना काय बोलत असेल, हा प्रश्न मला आजही पडतो.

आत फोटो काढायला बंदी आहे, ते बरंच झालं. जागा लहान आहे, अर्ध्या तासात होतं. अकरा वर्षांच्या मुलाला झेपेल. आईंना विचारून न्या.

जास्वंदी

विचारलं. "मेल्यावर तरी माणसाला सुखानं पडू द्या," असं उत्तर आलं. ती बाहेर बाकावर बसणार आहे.

तिरकस

राहण्यासाठी: स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला हॉस्टेल सेलित्सा. पूर्वीचा लष्करी तुरुंग. वीस कोठड्या वेगवेगळ्या कलाकारांनी सजवल्या, २००३ पासून हॉस्टेल. दाराला गज तसेच आहेत.

अवांतर: नेदरलँड्समध्ये बार्ले नावाचं गाव आहे, त्यात बेल्जियमचे बावीस तुकडे विखुरलेत. सीमा घरांमधून, हॉटेलांमधून जाते, रस्त्यावर फुल्या मारून दाखवलीय. घराचं मुख्य दार ज्या देशात, ते घर त्या देशाचं. बेळगावकडच्या मंडळींनी अभ्यास दौरा काढायला हरकत नाही.

जास्वंदी

तुरुंगाचं आईला सांगितलं. "मी काय सत्याग्रह केलाय?" तेव्हा ते बाद. बुडापेस्ट किंवा प्रागला नदीतल्या बोटीवरचं हॉटेल बघते, त्याला तिनं मान डोलावली.

करवीरकर

धागा उशिरा पाहिला. ताई, तुम्ही बुडापेस्टपर्यंत जाताच आहात तर पोलंड का सोडताय? क्राकोवजवळ विएलिच्काची मिठाची खाण आहे. जमिनीखाली शंभर मीटरवर अख्खं चर्च, आणि सगळं मिठाचं. भिंतीवरची शिल्पं मिठाची, झुंबरांचे लोलक मिठाचे, पायाखालची फरशीसुद्धा मिठातच कोरलेली. हे खाणकामगारांनी फावल्या वेळात केलंय. गाइडनं भिंत चाटून बघा म्हटलं तेव्हा आमचा सगळा गट ओळीनं भिंत चाटत उभा होता. मीही. मीठच होतं.

अडचण एकच: सुरुवातीला ३८० पायऱ्या उतरायच्या, पुढे आणखी. वर यायला लिफ्ट आहे. गुडघ्यांचं कारण सांगून लिफ्टनंच उतरायची सोय होते का, हे तिकीट काढण्याआधी कळवून विचारा.

आणि शाकाहाराचं म्हणाल तर पोलंडातले 'दुधाचे बार'. नाव बार, पण दारू नाही. पहिला वॉर्सात १८९६ मध्ये निघाला. पुढे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या खानावळी झाल्या. मेनू भिंतीवर, पोलिशमध्ये. गल्ल्यावर पैसे भरायचे, चिठ्ठी खिडकीत द्यायची, मावशी आतून ओरडतात तेव्हा ताट उचलायचं, खाऊन झालं की भांडी दुसऱ्या खिडकीत. कुणी हसत नाही, पण अन्न गरम असतं. 'पिएरोगी रुस्किए' घ्या, उकडलेल्या करंज्या समजा, आत बटाटा आणि चीज. वर डुकराच्या चरबीचे तुकडे टाकायची पद्धत आहे, म्हणून 'बेझ स्क्वारेक' एवढं पाठ करून जा.

शेवटचं, कोल्हापूरकर म्हणून. वॉर्सात मोन्ते कास्सिनोच्या (दुसऱ्या महायुद्धातल्या, इटलीतल्या) लढाईचं स्मारक आहे, त्याच्याजवळ वळिवडे-कोल्हापूर कॅम्पची स्मृतिफलक-शिळा आहे. २०१७ मध्ये बसवली. महायुद्धात रशियातून सुटून आलेली पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते ४८ आपल्या वळिवड्यात राहिली. ते गेल्यावर तिथं सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. आपण कपडे खरेदीला जातो ते. आता सांगा, वॉर्सात उभं राहून फलकावर 'कोल्हापूर' वाचण्याइतकं तऱ्हेवाईक दुसरं काय आहे?

जास्वंदी

करवीरकर, तुम्ही काय केलंत तुम्हाला कल्पना नाही.

माझ्या आईचं माहेर उचगाव. वळिवड्याला लागूनच. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवत होते, तर मधेच म्हणाली, "अगं, आबा त्या कॅम्पात भाजी घालायला जायचे की!" आबा म्हणजे तिचे वडील, तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. मला चाळीस वर्षांत हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. का, तर "तू कधी विचारलंस?"

आबा सांगायचे म्हणे, गोऱ्या बायका भेंडी हातात घेऊन हसायच्या आणि परत पाटीत टाकायच्या. बीट मात्र कितीही न्या, पाच मिनिटांत संपायचं. एवढ्या बिटाचं ह्या करतात काय, हे आबांना शेवटपर्यंत कळलं नाही. एका बाईनं त्यांना दहापर्यंत आकडे शिकवले होते. आईला त्यातले तीन येतात: येडेन, द्वा, त्शी. मी तपासले. बरोबर आहेत.

तर आता बेत असा: प्राग तीन रात्री, व्हिएन्ना दोन, बुडापेस्ट चार, आणि उरलेल्या क्राकोव, वॉर्सा. परत वॉर्साहूनच. पोलंडात सगळ्यात जास्त रात्री होतायत, म्हणजे शेंगेन व्हिसा पोलंडकडे मागावा लागेल ना? आणि आईचा प्रश्न: तिथं त्या शिळेपाशी कोल्हापूरचा गूळ ठेवायचाय. विमानातून नेता येतो का? पेढेही म्हणतेय.

फोडणीचा_भात

बिटाचं त्या बार्श्च करायच्या, आंबटगोड लाल सार. दुधाच्या बारमध्ये मिळेल, मांसाचा रस्सा घातलाय का तेवढं विचारा. आईंना पहिल्या दिवशीच पाजा.

करवीरकर

व्हिसा: हो, ज्या देशात सर्वात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. सहा महिने आधीपासून करता येतो.

गूळ चालतो, चेक-इन बॅगेत टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीत त्या ढेपेकडे लोक संशयानं बघतात. पेढे नकोत, बाहेरून दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. आख्खी ढेप नेऊ नका, शिळेपाशी ठेवून मागं फिरलात की मुंग्या लागणार. खडा ठेवा आणि उरलेला तिथं जो कुणी थांबेल त्याच्या हातावर द्या.

फोटो इथं टाका. आईंचा, शिळेसकट.