६.१.६४ कर्नलमधला एक्स्ट४ चा बग माझ्याकडं दिसंनाच झालाय

कडकभाकरी
डिसेंबर २०२३ मध्ये लिनक्सच्या ६.१.६४ कर्नलात एक्स्ट४ (लिनक्सची फाईल सिस्टीम) चा डेटा खराब करणारा बग निघाला होता बघा, ज्याच्यापायी डेबियन या लिनक्सवाल्यांनी आपलं १२.३ थांबवून १० डिसेंबरला थेट १२.४ काढलं. तो स्वतःच्या हातानं दुरुस्त करून बघायचा म्हणून आठवडाभर बसलोय. जुना लॅपटॉप, सोलापूरचा मे महिना, कर्नलचं बिल्ड लावलं की कीबोर्डवर भाकरी भाजून निघंल, त्यात दोनदा लाईट गेली. एवढं करून ६.१.६४ बूट केलं, ओ-डायरेक्टनं (मधली कॅश टाळून थेट डिस्कवर लिहायचा फ्लॅग) फाईल उघडून पी-राईट कॉलनं चार-चार केबीचे ब्लॉक लिहिले, परत वाचून ताडून बघितले तर सगळं बरोबर! फायो हे डिस्क तपासायचं टूल पण चालवलं, एक एरर नाही. बिघाडच दिसत नसेल तर फिक्स टाकून तपासू काय?

सातरस्ता
पी-राईट वापरलंस तिथंच फसलास बे. त्याला कुठं लिहायचं ते आपणच सांगतो, आणि हा बग आहे फाईल पोझिशनचा, म्हणजे पुढचं लिहिणं कुठून सुरू करायचं त्या खुणेचा. एक्स्ट४ च्या नव्या पॅचनंतर त्याचं एंड-आयओ फंक्शन (लिहून झाल्यावर चालणारं) किती बाइट लिहिले तो आकडा परत द्यायला लागलं, पण ६.१ मधला आयओमॅपचा (फाईल सिस्टीम लिहा-वाचायला वापरतात तो कर्नलचा भाग) जुना कोड शून्य आलं तरच पोझिशन पुढं सरकवायचा. म्हणजे लिहून झालं तरी पोझिशन जागच्या जागी आणि पुढचा राईट आधीच्याच डोक्यावर. फायोचं नेहमीचं इंजिन पण पी-राईटच मारतं, म्हणून तुला सगळं गोड दिसलं. साधा राईट वापर, तो पोझिशन बघूनच लिहितो, नाहीतर डीडी कमांडला डायरेक्ट फ्लॅग लावून दोन ब्लॉक लिही.

कडकभाकरी
आयला! आठ केबीची फाईल व्हायला पाहिजे, चारच झाली. आठवडा गेला की राव माझा. मग आता एक्स्ट४ चा पॅच रिव्हर्ट करू का, म्हणजे काढून टाकू का?

जुळेसोलापूरकर
रिव्हर्ट केलं तर बग जाईल, पण तो पॅच ज्या कामासाठी आला होता ते पण जाईल. तो पॅच चुकीचा नव्हताच. मेनलाईनमध्ये, म्हणजे मूळ कर्नलमध्ये, त्याच्या आधी आयओमॅपचा पोझिशनवाला बदल येऊन बसला होता, ६.१ मध्ये मागून आणताना तो राहिला, सून आली आणि रुखवत माहेरीच. तो बदल चेरी-पिक कर, म्हणजे तेवढाच उचलून ६.१ मध्ये आण.

आणि फिक्सवर चाचणी पास झाली एवढ्यावर नाचू नको. तीच चाचणी ६.१.६३ वर पास, ६.१.६४ वर फेल आणि पॅच टाकल्यावर परत पास, असं तिन्ही दिसलं पाहिजे. फेल होताना कधी बघितलीच नाही ती चाचणी काय कामाची, तुझं पी-राईटवालं तसंच झालं ना? मग एक्सएफएसटेस्ट्स या फाईल सिस्टीमच्या चाचणी-संचाचा क्विक ग्रुप पॅचच्या आधी एकदा, नंतर एकदा लाव आणि फेल झालेल्यांच्या दोन्ही याद्या शेजारी ठेव, कारण त्यात काही टेस्ट आधीपासूनच फेल असतात, त्यांचं खापर उगाच आपल्या पॅचवर फुटतं. सगळं क्यूइमूमध्येच, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्येच कर. स्क्रॅच डिव्हाइस (चाचणीची डिस्क) म्हणून जे देशील ते एक्सएफएसटेस्ट्स पुसून फॉरमॅट करतं, मी एकदा घाईत फोटोचं पार्टिशन दिलं होतं, घरात दोन दिवस कुणी बोललं नाही.

कडकभाकरी
दादा, डमी इमेजच दिलीय. ६३ पास, ६४ फेल, पॅचनंतर पास. पॅचच्या आधीची यादी पण काढली, आता नंतरचा क्विक ग्रुप लावलाय, लाईट राहिली तर सकाळी टाकतो.