बोरिवली नॅशनल पार्क: सायकलने कान्हेरी लेण्यांपर्यंत मुलीला झेपेल का?

ठाणेकर_आई: मुलगी दहा वर्षांची, सायकल चांगली चालवते. रविवारी तिला घेऊन जायचंय. सासरेही येतील, पण ते पायी. रस्ता कसा आहे?

कांदिवलीकर: मी सकाळी तिथेच असतो, म्हणून सविस्तर लिहितो. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर. सुरुवातीचा रस्ता बराचसा सपाट, सावलीचा. शेवटचा टप्पा मात्र दमवणारा चढ. तिथे तिला खुशाल सायकल ढकलू द्या. येताना उतारावर ब्रेक एकदम करकचून दाबू नको म्हणावं, वळणावर समोरून गाड्या येतात. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका.

आणि वर पोचल्यावर लगेच मागे फिरू नका हो! शंभरावर गुंफा आहेत. तीन नंबरच्या गुंफेतलं चैत्यगृह (बौद्धांचं प्रार्थनागृह) बघाच, पण मला सगळ्यात आवडतात ती कातळात कोरलेली पाण्याची टाकी. पावसाचं पाणी आत यावं म्हणून दगडात बोटभर खोल चर काढलेत. मुलीला त्यातून बोट फिरवू द्या. उतारावरची कारवी, म्हणजे आठ वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप, २०२४मध्ये फुलून गेली, आता थेट २०३२.

रानवेडी: सोमवारी पार्क बंद असतं, रविवारी गर्दी. शनिवारी जमलं तर बघा. बिबट्यांचं घर आहे, अंधार पडायच्या आत बाहेर पडा.

ठाणेकर_आई: शनिवारच ठरवला. सासऱ्यांचं काय करू?

कांदिवलीकर: त्यांना नदीकाठच्या सपाट रस्त्याने जमेल तेवढं चालू द्या. सकाळी तिथे त्यांच्या वयाची बरीच मंडळी भेटतील.