मदत हवी आहे: सेकंड हँड टियागो ईव्ही की सिट्रोएन ईसी3? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

सेकंड हँड इलेक्ट्रिक हॅचबॅक घ्यायची आहे. बजेट साडेसहा लाख, तेही ओढूनताणून. दोन गाड्या पाहून ठेवल्यात, पण घरात एकमत होत नाहीये. विदर्भातल्या उन्हाळ्यात ईव्ही चालवणाऱ्यांनी कृपया सांगावं.

वापर: प्रतापनगर ते बुटीबोरी एमआयडीसी, येऊन-जाऊन साधारण 55-60 किमी, जवळपास रोज. अधूनमधून अमरावतीला आईबाबांकडे, म्हणजे एका बाजूने दीडशे किमी. तिथे घरी 15 अँपिअरचा पॉइंट आहे, गाडी रात्रभर लावता येईल. प्रश्न आहे तो मे महिन्यात, एसी लावून, चौघं बसून तिथवर पोचण्याचा.

पहिली गाडी: टियागो ईव्ही, 2023, मोठ्या म्हणजे 24 किलोवॅट-अवर बॅटरीची. घरगुती मालक, 38 हजार किमी, 6.30 लाख म्हणतोय. कागदावर रेंज (एका चार्जमध्ये) 315 किमी.

दुसरी: सिट्रोएन ईसी3, तीही 2023 ची, 29.2 ची बॅटरी, 21 हजार किमी. डीलरकडे आहे, 5.60 ला देतोय. कागदावर 320.

नुसते आकडे पाहिले तर ईसी3 घेऊन मोकळं व्हावं. बॅटरी मोठी, रनिंग कमी, पैसे कमी. मागे जागाही चांगली आहे आणि सीट उंच असल्यामुळे आई गुडघ्यांना त्रास न होता बसली. डिकी 315 लिटरची, टियागोची 240.

पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत. पहिली कूलिंगची. टियागोची बॅटरी लिक्विड कूल्ड (द्रवाने थंड होणारी) आहे, ईसी3 ची एअर कूल्ड (नुसत्या हवेने). पुण्यात कदाचित फरक पडत नसेल. इथे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, हवाच तापलेली, तर ती बॅटरीला काय थंड करणार? कंपनीत माझी गाडी दिवसभर उन्हातच उभी राहणार आहे, शेड नाही.

दुसरी सेफ्टीची. गाड्यांच्या क्रॅश टेस्ट करणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने मार्च 2024 मध्ये ईसी3 ला मोठ्यांसाठी शून्य आणि मुलांसाठी एक स्टार दिला. टियागोला 2020 मध्ये मोठ्यांसाठी चार मिळाले होते. ती पेट्रोल टियागो होती आणि तेव्हाची चाचणीही आताच्यापेक्षा सोपी होती, हे मान्य. तरीही बुटीबोरी रोडवर रोज ट्रकांच्या मधून जायचं आहे आणि मागे मुलगी बसणार आहे. हा शून्य मला पचत नाहीये. बायकोचं म्हणणं, सध्याच्या जुन्या गाडीला तरी कुठे स्टार आहेत?

आता बॅटरीबद्दल. डीलरला विचारलं की बॅटरीची हेल्थ किती, तर त्याने गाडी चालू करून मीटरवरचे 100 टक्के दाखवले. ते तर चार्जिंग झालं! खरी हेल्थ, म्हणजे एसओएच (नव्याच्या तुलनेत बॅटरीची किती क्षमता उरली), कशी तपासायची?

टियागोच्या मालकाकडे आणखी एक दिसलं. त्याच्या पोर्टेबल चार्जरच्या प्लगची एक पिन काळपट पडली होती आणि भिंतीतला सॉकेट त्या बाजूने पिवळा होऊन किंचित फुगला होता. मालक म्हणाला, 'होतंच असं उन्हाळ्यात.' ही गाडीतली खोट समजायची का?

आणि दोन्ही गाड्यांची बॅटरी वॉरंटी (टियागो 8 वर्षं / 1.60 लाख किमी, ईसी3 7 वर्षं / 1.40 लाख किमी) दुसऱ्या मालकाला लागू राहावी म्हणून नेमकं काय करून घ्यावं?

---

प्रतिसाद 1

पिन काळी पडणं गाडीतली खोट नाही. सॉकेट ढिला असला की तिथे स्पार्क होतो, पिन तापते. 3.3 किलोवॅटचा लोड सहा-आठ तास सलग चालतो, साधा 15 अँपिअरचा घरगुती सॉकेट त्यासाठी नसतोच. तुमच्याकडे इंडस्ट्रियल सॉकेट, थेट मीटरपासून 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग करून घ्या. अमरावतीच्या घरीही हेच बघा, जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं. मालकाकडून तो प्लग मात्र बदलूनच घ्या.

---

प्रतिसाद 2

बॅटरीचं सांगतो. पहिला मार्ग म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेऊन एसओएचचा रिपोर्ट मागणे. लेखी मागा, तोंडी नको. विकणारा गाडी न्यायला तयार नसेल तर तिथेच उठा.

दुसरा मार्ग आपल्या हातातला. गाडी 20 टक्क्यांपर्यंत उतरवा आणि स्लो चार्जरने 100 करा. भिंतीपाशी सबमीटर लावून युनिट मोजा. टियागोला 80 टक्के म्हणजे 19 च्या आसपास युनिट बॅटरीत गेले पाहिजेत, चार्जरमधला लॉस धरून मीटरवर साधारण 21-22. ईसी3 ला मीटरवर 26 च्या आसपास. आकडा बराच कमी आला तर बॅटरी उतरली आहे किंवा गाडीतलं टक्क्यांचं मीटर भरकटलंय. दोन्ही गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत, त्यांना अधूनमधून पूर्ण 100 पर्यंत स्लो चार्ज लागतो, नाहीतर टक्के खोटे दिसतात. म्हणून एकदा फुल्ल करून मगच मोजा.

उन्हाचं म्हणाल तर एलएफपी उष्णता बऱ्यापैकी सोसते, उगाच घाबरू नका. खरा त्रास दुपारच्या फास्ट चार्जिंगला. एअर कूल्ड बॅटरी आधीच तापलेली असेल तर गाडी चार्जिंगचा वेग कमी करते. अमरावतीला पहाटे निघालात आणि ताशी 80 किमीच्या आत चालवलीत तर दोन्ही गाड्या पोचतात, टियागो थोडी हात राखून. डीलरकडची गाडी किती महिने फुल्ल चार्ज करून उन्हात उभी आहे, हे मात्र विचारा. बॅटरीला त्याच्याइतकं वाईट काही नाही.

ईसी3 ची आरसीही नीट बघा. नंबर प्लेट हिरवी आणि अक्षरं पांढरी म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे टॅक्सी. टॅक्सीची खासगी करून विकलेली गाडी असू शकते आणि वॉरंटीच्या अटी दोन्हींना सारख्याच असतील असं धरून चालू नका. वॉरंटीबद्दल चेसिस नंबर देऊन कंपनीला ईमेल करा आणि उत्तर येईपर्यंत टोकन देऊ नका. सर्व्हिस रेकॉर्ड सलग हवा. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, ट्रान्सफरला 29 आणि 30.

माझं मत विचाराल तर टियागो. नागपूरच्या बाहेर गाडी बंद पडली तर टाटाचं वर्कशॉप जवळपास सापडतं, सिट्रोएनचं नाही. सत्तर हजार जास्त जातील, जाऊ द्या.

---

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आरसीचा फोटो डीलरकडून मागवला, वर्गाच्या रकान्यात 'मोटर कॅब', म्हणजे टॅक्सी, लिहिलेलं आहे. त्याने हे आधी सांगितलं नव्हतं. ईसी3 चा विषय आमच्याकडून संपला.

टियागोचा मालक शनिवारी सर्व्हिस सेंटरला यायला तयार झालाय. रिपोर्टमध्ये एसओएच सोडून आणखी कोणते आकडे मागावेत? सेल व्होल्टेजमधला फरक किती असला तर काळजी करायची, हे कुणी सांगू शकेल का?