गुहागरात ड्रॅक्युला आमरी जगेल का?

पडवीतली बाग, गुहागर
डिसेंबरात हौसेने ड्रॅक्युला आमरीचं (ऑर्किडचं) रोप आणलं, पडवीत टांगलं. थंडीत दोन नवी पानं फुटली, वाटलं रुजलं. आता एप्रिलात हिरवी पानंच बोट लागताच निखळतात, बुडाशी काळी पडलेली. दिवसातून चारदा पाणी फवारते. सासूबाई म्हणतात, पाणी जास्त होतंय. फार जीव तुटतो हो. काय चुकतंय?

फणसाखाली, रत्नागिरी
ताई, खरी अडचण रात्रीची आहे. ही रोपं कोलंबिया-इक्वाडोरच्या अँडीजमधली, दीड-दोन हजार मीटरवरच्या ढगाळ रानातली. तिथे रात्री पारा 10-12 अंशांवर येतो. आपल्याकडे एप्रिलात अंगणात झोपलं तरी घाम येतो. अशा रात्री पानाने दिवसभर केलेलं अन्न श्वसनातच जळतं. त्यात हिला पाणी साठवणारा कंद नाही. फवारून गारवा येतो तो पाणी सुकताना. आपली हवा आधीच ओली, सुकणार कसं? उलट पानाच्या बेचक्यात पाणी राहून कूज धरते. सासूबाईंचं तेवढं खरं आहे.

माझी तीन रोपं अशीच गेली. चौथं कोल्ड्रिंकच्या दुकानातल्या काचेच्या दाराच्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवलं. तापमानाचा कंट्रोलर बाहेरून जोडला: दिवसा 20, रात्री 12. आत कॉम्प्युटरचा छोटा पंखा सतत चालू, एलईडी बारा तास. पाणी पागोळ्यांखाली धरून ठेवलेलं; आमच्या विहिरीचं मचूळ आहे. कुंडी नको, पट्ट्यांची टोपली घ्या, हिचा फुलाचा देठ खालीच जातो. माझी पहिली कळी टोपलीच्या बुडातून आली, हरभऱ्याएवढी. उमलली तेव्हा आतली पांढरी पाकळी थेट अळंबीच्या खालच्या बाजूसारखी, बारीक पापुद्र्यांची. वासही अळंबीचाच! त्यालाच भुलून तिथल्या चिलटांसारख्या माश्या येतात आणि परागण होतं.

गेल्या जूनात दोन दिवस लाईट नव्हती. बर्फाच्या बाटल्या आत ठेवून तगवलं.

घाटाखालचा, सावंतवाडी
मी आंबोलीला नातलगांकडे ठेवून पाहिलं. पावसाळा झकास गेला, उन्हाळ्यात रोप गेलंच. ड्रॅक्युलाच्याच नात्यातली ब्राझीलची आमरी, मासदेवालिया इन्फ्रॅक्टा, उकाडा जरा जास्त सोसते. आणि फणसाच्या खोडावर आपल्याकडची आमरी, सीतेची वेणी, बांधाच, तिला फ्रिज लागत नाही.

पडवीतली बाग, गुहागर
तीन पानं उरलीत. आज रात्रीपासून एसीच्या खोलीत ठेवते. भाचा चिपळुणात जुना फ्रिज बघतोय. कंट्रोलरची वायर आत घ्यायला भोक पाडलंत का?

फणसाखाली, रत्नागिरी
नाही, दाराच्या रबरामधूनच घेतली. भोक पाडूच नका, भिंतीत गॅसची नळी असू शकते.