मदत हवी आहे: उडणारे ट्रक नीट दिसतील असं तिकीट कुठलं घ्यावं?

केतकी_क
लवकर सांगा कोणीतरी, तिकिटं भराभर संपतायत. रॅम्पवरून उड्या मारणारे ते ट्रक बघायचे आहेत. स्टँडची ढीगभर नावं दिसतायत आणि नकाशावर रॅम्प कुठेच नाहीत. फोन करून विचारलं तर "कुठूनही छान दिसतं" असं उत्तर मिळालं. कुठलं घेऊ?

भाऊ_वर्धेकर
टाटाच्या ट्रकांची शर्यत म्हणताय का ताई? ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2014 साली पहिली झाली तेव्हा मी गेलो होतो. मेन स्टँडच घ्या, बाकी ठिकाणी नुसतं ऊन लागतं. 2016 पासून आपले भारतीय ट्रकचालकही उतरले होते त्यात. काय ती पोरं चालवत होती!

केतकी_क
नाही हो. ते माल वाहणारे ट्रक. हे उडतात.

कळफलक
गाव कुठलं? दिवस कुठला? सोबत कोण? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार, कपाळ?

केतकी_क
लाँग बीच. अजून कुठे असणार?

विलास_टोरोंटोवाला
कुठेही असू शकतं! स्टेडियम सुपर ट्रक्स म्हणताय ना तुम्ही? त्यांचा सीझन एका गावात बसून होत नाही. अ‍ॅडलेड, सेंट पीटर्सबर्ग, लाँग बीच, डेट्रॉइटचं बेल आइल, आमचं टोरोंटोचं एक्झिबिशन प्लेस, अशी वरात फिरायची. दुसऱ्या मोठ्या शर्यतीच्या वीकेंडला पाहुणे म्हणून जायचं, आणि लोकांनी पाहुण्यांनाच जास्त टाळ्या द्यायच्या. मी तर म्हणतो टोरोंटोला...

केतकी_क
मी कॅलिफोर्नियात आहे, टोरोंटोला कशाला येऊ?

रेंच_आणि_पाना
मुद्द्याचं सांगतो. नकाशावर रॅम्प नाहीत कारण ते कायमचे नसतातच. धातूचे, सुटे. त्याच रस्त्यावर इंडीकार मालिकेच्या रेसिंग गाड्या पळतात, त्यामुळे ट्रकांची वेळ आली की आणून ठेवायचे, झाली की उचलायचे. सकाळी जाऊन "रॅम्प दिसत नाहीत, फसवलं" म्हणू नका. लाँग बीचला शोरलाइन ड्राइव्हच्या सरळ पट्ट्यावर रॅम्प असतो, तिथलाच स्टँड घ्या. मात्र अगदी समोरून ट्रक येताना दिसेल अशी जागा नको, बाजूने बघा. उडीची लांबी बाजूनेच कळते. घेण्याआधी मागच्या वर्षीचा व्हिडिओ लावून मागे कुठला स्टँड दिसतो ते ताडून बघा.

जुनाजाणता
लाँग बीचचं काय सांगावं! 1976 ते 1983 तिथे फॉर्म्युला वन व्हायची. 1977 ला मारिओ आंद्रेत्ती जिंकला. ती खरी रेसिंग. हे ट्रक म्हणजे निव्वळ तमाशा. आधीच्या शर्यतीचा क्रम उलटा करून मागच्याला पुढे काय उभं करतात, मध्येच पिवळा झेंडा दाखवून सगळ्यांना पुन्हा एकत्र काय आणतात. जो वेगवान त्याला शिक्षा!

रेंच_आणि_पाना
तमाशा तर तमाशा, पण सगळे ट्रक एकसारखे आहेत काका. 600 हॉर्सपॉवरचं व्ही-8 इंजिन, सगळ्यांना तेच. मग ड्रायव्हर नाही तर काय दिसणार? शेल्डन क्रीड 2015 आणि 2016 ला या ट्रकांच्या मालिकेत चॅम्पियन झाला आणि 2020 ला नॅस्कार या अमेरिकेतल्या मोठ्या रेसिंग संस्थेची ट्रक मालिका जिंकला. मॅथ्यू ब्रॅबम तर सर जॅक ब्रॅबमचा नातू. नातवाला तमाशात नाचायला पाठवलं म्हणायचं का?

जुनाजाणता
आजोबा तीन वेळा फॉर्म्युला वनचे विश्वविजेते होते. नातू रॅम्पवरून उड्या मारतो. यावर मी काय बोलू?

शेंगदाणा
मला एक कळत नाही, वळताना ते एक पाय वर का करतात? कुत्रा खांबापाशी करतो तसं.

रेंच_आणि_पाना
😄 स्प्रिंगा मऊ असतात आणि चाकाला वरखाली व्हायला दोनेक फूट वाव असतो, वाळवंटात धावायला बनवल्यासारखा. डांबराला मात्र मातीपेक्षा खूप जास्त पकड. त्यामुळे वळणावर गाडी बाहेर कलंडते आणि आतलं पुढचं चाक हवेत जातं. हवेत असतानाही ड्रायव्हर रिकामा बसत नाही. गॅस दिला की नाक वर, ब्रेक दाबला की नाक खाली. बघताना हे लक्षात ठेवा, मग मजा दुप्पट.

विलास_टोरोंटोवाला
हे सगळं रेसिंग ड्रायव्हर रॉबी गॉर्डनच्या डोक्यातून आलं. मिकी थॉम्पसन 1979 पासून स्टेडियममध्ये माती ओतून शर्यती भरवायचा, रॉबी त्यात चालवायचा. 2013 ला त्याने तेच पुन्हा सुरू केलं. पण स्टेडियमभर माती आणायची आणि परत न्यायची म्हणजे खर्च किती! शहरातला रस्ता आयता मिळतो, दोन रॅम्प टाकले की झालं. मालक तोच, शर्यतीत ड्रायव्हरही तोच. हे काही मला पटत नाही, पण त्याच्याशिवाय मजाही नाही.

सुमेधा_पर्थ
सगळे उड्यांचं कौतुक करताय, पण 2018 ला आमच्या पर्थच्या बार्बागालो ट्रॅकवर एका ट्रकचं चाक निखळून कुंपणापलीकडे गेलं होतं. त्यानंतर ऑस्ट्रेलियातल्या मोटर शर्यतींचं नियमन करणाऱ्या कॅम्स संस्थेने बंदीच घातली, ती पुढे उठवली. पोरांना घेऊन अगदी कुंपणाला चिकटून बसू नका. वरच्या रांगा घ्या, तिथून दिसतंही छान.

कळफलक
बरोबर पोरं आहेत असं केतकीताई कुठे म्हणाल्या? दिवसही सांगितलेला नाही अजून.

केतकी_क
मुलगा चार वर्षांचा. आणि सांगलीहून बाबा आलेत, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. वरच्या रांगा कशा जमणार? दिवसाचा काय संबंध?

कळफलक
संबंध असा की शुक्रवारचं तिकीट घेतलंत तर फार तर सराव दिसेल. ट्रकांच्या शर्यती शनिवार-रविवारी असतात आणि अर्ध्या तासाच्या आत आटोपतात. आधी त्या वर्षीचं वेळापत्रक उघडा, मग तिकीट. आधी लगीन कोंडाण्याचं.

डॉ_चहावाले
बाळाचे कान! व्ही-8 चा आवाज फार मोठा असतो. कानावर पूर्ण बसणारे मफ्स घ्या, नुसता कापूस चालणार नाही. आजोबांनाही द्या, नाही म्हणतील, तरी द्या.

रेंच_आणि_पाना
बाबांसाठी चाकाच्या खुर्चीची सोय असलेल्या जागा विचारा, तिथे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. जनरल अ‍ॅडमिशन घेऊ नका, त्यात राखीव खुर्ची नसते, दिवसभर फिरावं लागतं. गुडघे बोलायला लागतील.

भाऊ_वर्धेकर
नोएडाला लिफ्ट होती का आठवत नाही, पण पुण्यात 2024 ला बालेवाडीत मोटरसायकलींचं सुपरक्रॉस झालं तेव्हा...

केतकी_क
भाऊ, प्लीज! शनिवारचं घेतलं, शोरलाइन ड्राइव्हवर, बाबांसाठी बिनपायऱ्यांच्या जागा फोन करून मिळवल्या. रांग मधली आली, सुमेधा. आता पार्किंग कुठे मिळेल ते सांगा.

शेंगदाणा
पार्किंग कशाला? मेट्रोची ए लाइन डाऊनटाऊन लाँग बीचला जाते. आम्ही पुरीभाजी बांधून त्यानेच गेलो होतो.

जुनाजाणता
आत बाहेरचं खाणं नेऊ देतात का? आधी ते विचारा.